वाचकांचे प्रश्न : देलाक्रुआच्या लग्नघरात नवरी कुठे आहे?

गेल्या अंकात आतल्या पानावर फ्रेंच चित्रकार युजेन देलाक्रुआचं 'मोरोक्कोतलं ज्यू लग्न' छापलं होतं. कॅनव्हासवर तैलरंग, उंची १०५ सेंमी, रुंदी १४० सेंमीच्या आसपास, मालकी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाची. चित्राखाली आम्ही दोनच ओळी दिल्या होत्या. त्या अपुऱ्या पडल्या, हे आलेल्या पत्रांवरून कळलं. निवडक प्रश्न आणि उत्तरं अशी :

चित्राचं नाव 'लग्न', पण नवरा-नवरी कुठेच सापडत नाहीत. भिंग घेऊनही पाहिलं. मधे उभी आहे तीच नवरी का? (सांगली)

भिंग ठेवून द्या. नवरी चित्रात नाहीच. हे चित्र १८४१च्या पॅरिसच्या 'सालों' प्रदर्शनात लागलं, तेव्हा सूचिपुस्तिकेत त्याच्यासोबत खुलासा छापला होता. त्याचा सारांश असा : इथे मूर (म्हणजे तिथले मुसलमान) आणि ज्यू एकत्र मिसळलेले आहेत, नवरीला आतल्या दालनात ठेवलं आहे आणि बाकी घरात आनंद चालला आहे, प्रतिष्ठित मूर पाहुणे वादकांना पैसे देतात, वादक रात्रंदिवस न थांबता गातात-वाजवतात, नाचात फक्त बायका भाग घेतात, त्याही एकीमागून एक, आणि जमलेली मंडळी त्यांना दाद देतात.

तेव्हा मधल्या मोकळ्या जागेत उभी आहे ती नवरी नव्हे, नाचणारी पाहुणी. तिचा नाच संपला की दुसरी उठणार. मागे भिंतीला टेकून बसलेत ते वादक. नवरीबद्दल देलाक्रुआने नंतर, १८४२मध्ये, 'मागासँ पितोरेस्क' या सचित्र नियतकालिकात एक लेखच लिहिला. नटवून-सजवून बसवलेल्या त्या मुलीला सगळा गोंगाट ऐकत, डोळे मिटून, न हलता बसावं लागतं, असं वर्णन त्यात आहे. चित्रातून तिला गाळण्याचं कारण साधं आहे : अंगणात ती नव्हती.

आमच्या मते चित्राची खरी गंमत इथेच आहे. धार्मिक विधीचा एकही क्षण यात नाही. छत्र नाही, अंगठी नाही, करारपत्र नाही. लग्नघरात पाहुण्यांच्या वाट्याला जे येतं ते चित्रकाराने रंगवलं आहे, कारण तो स्वतः पाहुणाच होता. अंगणात बसायचं, नाच बघायचा, वादकांच्या पुढ्यात नाणं टाकायचं.

हा प्रसंग देलाक्रुआने खरोखर पाहिला की पॅरिसमध्ये बसून कल्पनेने रंगवला? (पुणे)

दोन्ही. पाहिला एका दिवसात, रंगवला काही वर्षांनी.

तारीख पक्की आहे : २१ फेब्रुवारी १८३२, गाव टँजियर. फ्रान्सने १८३०मध्ये अल्जियर्स घेतल्यावर शेजारच्या मोरोक्कोच्या सुलतानाला शांत ठेवणं गरजेचं झालं. त्यासाठी काउंट द मोर्ने यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ निघालं आणि सोबतीला चित्रकार म्हणून देलाक्रुआ गेला. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. जानेवारीत फ्रान्सच्या तूलों बंदरातून 'ला पेर्ल' या जहाजाने निघून महिनाअखेर मंडळी टँजियरला पोचली. पुढे मार्चमध्ये मेकनेसला सुलतान मुलाय अब्द अल-रहमान यांची भेट झाली आणि जुलैच्या सुरुवातीला ते परत तूलोंला उतरले. लग्न पाहिलं ते टँजियरच्या मुक्कामात.

त्या दिवशीची टिपणं शिल्लक आहेत आणि ती वाचताना वाटतं, हा माणूस शब्दांनीच चित्र काढतोय. व्हायोलिन वाजवणाऱ्याचा अंगठा वर आहे, दुसऱ्या हाताची खालची बाजू गडद सावलीत आहे, उजेड मागून येतोय, डोक्यावरचं हाइक, म्हणजे अंगावर गुंडाळायचं लांब वस्त्र, काही ठिकाणी पारदर्शक दिसतंय. त्याच्याजवळचं लाकूडकाम हिरवं. मानेवर चामखीळ, नाक आखूड. दुसऱ्या वादकाचा अंगरखा लाल, त्यावर तपकिरी नक्षी, मानेमागे निळं. एक तरुण बाई अर्धी दारावर आणि अर्धी भिंतीवर उमटलेली. एका बाजूच्या बायका ओळींनी एकीवर एक बसल्यात, फुलझाडांच्या कुंड्या मांडाव्यात तशा. त्यांच्यात पांढरा आणि सोनेरी रंग जास्त, डोक्याला पिवळे रुमाल. पुढे जमिनीवर मुलं.

चामखीळसुद्धा टिपली, मग चित्र जसंच्या तसं का नाही? कारण टिपण म्हणजे चित्र नव्हे. लूव्र या चित्राचा काळ १८३७ ते १८४१ असा देतं. म्हणजे लग्न आणि पुरं झालेलं चित्र यांच्यात नऊ वर्षांचं अंतर आहे. मधल्या काळात कोण कुठे बसला, अंगण किती रुंद, वरचा केवढा भाग रिकामी चुन्याची भिंत ठेवायची, हे सगळं पॅरिसच्या स्टुडिओत ठरलं. म्हणून कपडे, वाद्यं, उजेड यांसाठी हे चित्र पुरावा म्हणून वापरायला हरकत नाही. माणसांची मांडणी मात्र चित्रकाराची आहे, असं धरून चालावं.

परक्या ख्रिस्ती पुरुषाला ज्यू लोकांनी लग्नघरात येऊ कसं दिलं? आणि तिथे मुसलमान पाहुणे काय करताहेत? (औरंगाबादची विद्यार्थिनी)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका माणसात आहे : अब्राहम बेनशिमोल. टँजियरच्या फ्रेंच वकिलातीत ते दुभाषे होते, स्वतः ज्यू होते आणि त्यांच्या ओळखीवर देलाक्रुआला ज्यू घरांची दारं उघडली. मुसलमान घरांत परक्या पुरुषाला बायकांसमोर बसून चित्र काढणं शक्यच नव्हतं. त्यामुळे मोरोक्कोच्या त्याच्या वह्यांत ज्यू बायका पुन्हापुन्हा भेटतात. बेनशिमोल यांची पत्नी सादा आणि मुलगी प्रेसियादा यांचं त्याने केलेलं जलरंगातलं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. कपड्यांसाठी ते जरूर बघा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सूचिपुस्तिकेतच आलं : मूर पाहुणे होते आणि पैसे वाटत होते. पण यावरून सगळं समानतेचं होतं असं समजू नये. त्या काळी मोरोक्कोच्या शहरांत ज्यूंवर बंधनं होती, घराबाहेर गडद कपडे घालण्यासारखी. लग्नघराचं अंगण ही त्यातल्या त्यात मोकळी जागा.

व्हायोलिन उभं का धरलंय? चित्रकाराची चूक? (मिरज)

चूक नाही. मोरोक्कोत व्हायोलिन मांडीवर उभं टेकवून वाजवतात, हनुवटीखाली धरत नाहीत. तिथल्या जुन्या गजवाद्यांची बैठक तशीच होती, युरोपचं व्हायोलिन आल्यावरही ती बदलली नाही. आपल्याकडचे वादकही मांडी घालून बसतात आणि व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवतात, तसंच हे. देलाक्रुआच्या टिपणात दुसऱ्या वाद्याला 'गिटार' म्हटलंय. ते फ्रेंच माणसाने ऊद या अरबी तंतुवाद्याला दिलेलं जवळचं नाव समजा. तिसरा डफ वाजवतोय.

मी कला महाविद्यालयात आहे. लग्नात बसून स्केच करायचं असेल तर देलाक्रुआची पद्धत आज कशी वापरावी? माझी स्केचेस घरी आल्यावर कळतच नाहीत. (कोल्हापूर)

कळत नाहीत, कारण तुम्ही बहुधा रेषा जास्त आणि शब्द कमी लिहिता. देलाक्रुआ उलट करायचा. त्याच्या मोरोक्को प्रवासातल्या सात वह्यांपैकी चार आज आहेत, तीन लूव्रमध्ये आणि एक शांतिईच्या संग्रहालयात. पानापानावर छोटी आकृती, तिच्या भोवती लिहिलेली रंगांची नावं आणि कुठे सवड मिळाली तिथे जलरंगाचे हलके हात असं दिसतं.

आज करायचं तर ए-५ आकाराची वही घ्या, त्याहून मोठी नको. मोठी वही मांडीवर उघडली की आजूबाजूचे लोक ताठ बसतात. २बी पेन्सिल एक, खोडरबर नाही. पान उघडल्यावर आधी कोपऱ्यात उजेडाच्या दिशेचा बाण आणि वेळ लिहा. हे विसरलात तर संध्याकाळी सावल्या कुठल्या बाजूला टाकायच्या हे आठवत नाही, आणि बहुतेक स्केचेस इथेच बिघडतात. मग एका माणसाला दोन-तीन मिनिटं. बाह्याकृती, डोकं कुठल्या रंगावर उमटतंय तेवढं, हातांची ठेवण. चेहरा शेवटी, वेळ उरला तर.

छटा तीनच ठेवा आणि आकड्यांनी लिहा : १ उजळ, २ मधली, ३ गडद. रंग लिहिताना नुसतं 'लाल' लिहू नका. 'शेंदरी', 'कुंकवासारखा', 'जांभळाकडे झुकणारा' असं लिहा, आणि शेजारी काय आहे तेही लिहा, कारण हिरव्या दाराजवळची पांढरी बाही आणि लाल शालूजवळची पांढरी बाही वेगळी दिसते. देलाक्रुआची टिपणं अशा 'कशावर काय उमटतंय' या नोंदींनी भरलेली आहेत.

घरी गेल्यावर त्याच रात्री जलरंगाचा पहिला हात द्या. दोन दिवस गेले की स्मरणशक्ती सगळ्यांना एकसारख्या रंगाचे कपडे घालते. फोनवर फोटो काढाच, पण वाद्याची किंवा दागिन्याची घडण तपासण्यापुरता. फोनचा कॅमेरा पांढऱ्याचा तोल स्वतःच बदलतो आणि सावल्या उजळवतो. त्यावरून सावलीचा रंग ठरवलात तर फसाल.

चुन्याची भिंत रंगवताना माझी भिंत नेहमी घाणेरडी, राखाडी होते. या चित्रात ती उजळ कशी राहिली? (रत्नागिरी)

सावलीसाठी तुम्ही काळा वापरत असाल. सोडा. उन्हातल्या भिंतीच्या सावलीत वरून आभाळाचा निळा येतो आणि खालून जमिनीचा, कपड्यांचा उबदार रंग येतो. देलाक्रुआच्या त्या दिवसाच्या टिपणातही हेच आहे : सावल्या परावर्तित प्रकाशाने भरलेल्या, सावलीतही पांढरं. देलाक्रुआ रंग पॅलेटवर घोटून एकजीव करण्यापेक्षा वेगवेगळ्या रंगांचे बारीक फटकारे शेजारीशेजारी ठेवायचा, ते लांबून डोळ्यात मिसळतात. पुढे १८९९मध्ये चित्रकार पॉल सिन्याकने नव्या रंगपद्धतीचा वंश देलाक्रुआपासून दाखवला तो याच कारणाने.

जलरंगात करून पाहा : ३०० ग्रॅमचा कागद, अल्ट्रामरीनमध्ये चिमूटभर बर्न्ट सिएना, पाणी भरपूर. हा पातळ थर सावलीभर द्या. तो ओला असतानाच खालच्या कडेला, जमिनीलगत, यलो ऑकरचा एक थेंब सोडा आणि हात काढून घ्या. ब्रशने ढवळलंत तर पुन्हा तुमची राखाडी भिंत. उन्हातला भाग कागदाचाच राहू द्या. पांढरा पोस्टर रंग लावायचा मोह झाला तर समजा, सावली जास्त गडद झालीय.

अमेरिकेत मुलीकडे गेलो होतो. तिथल्या संग्रहालयात हेच चित्र पाहिलं, खाली नाव मात्र रेन्वारचं. (ठाणे)

मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर कला संग्रहालयात गेला असाल. ती नक्कल आहे, पण फसवणूक नाही. १८७५मध्ये ज्याँ दोल्फ्यूस या संग्राहकाने फ्रेंच चित्रकार पिएर-ऑग्युस्त रेन्वारला या चित्राची प्रत करायला सांगितली. रेन्वार तेव्हा चौतीस वर्षांचा होता. वर्षभरापूर्वीच त्याच्या मित्रमंडळींचं 'इम्प्रेशनिस्ट' म्हणून हसं झालं होतं. नक्कल आकाराने मूळ चित्राच्या जवळपास आहे. दोन्हींचे चांगले फोटो शेजारी ठेवले तर ब्रशच्या हातात फरक जाणवतो. विकत घ्यायची छापील प्रत कुठल्या चित्राची आहे ते मात्र तपासून घ्या.

घरात छापून लावायचं आहे. परवानगी लागेल का? दुकानदाराने ए-२ वर छापून दिलं तर कडा कापल्या गेल्या. (नाशिक)

देलाक्रुआ १३ ऑगस्ट १८६३ला वारला. भारतात लेखक-कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतात, ते केव्हाच संपले. चित्राला परवानगी नको. ज्या छायाचित्रावरून छापणार त्याच्या अटी मात्र वाचा. संग्रहालयं खासगी वापर आणि विक्री यांत फरक करतात.

कडा कापल्या गेल्या कारण चित्राचं प्रमाण ३:४ आहे आणि 'ए' मालिकेतल्या कागदाचं १:१.४१. ए-२ कागद ४२ × ५९.४ सेंमीचा. चित्र ४२ सेंमी उंच छापलं तर रुंदी साधारण ५६ सेंमी होते आणि बाजूंना मिळून जेमतेम साडेतीन सेंमी उरतात. दुकानदाराने कागद भरायला चित्र ताणून मोठं केलं आणि वरखाली कापलं. त्याला सांगा, 'फिट' करा, 'फिल' नको. त्याहून बरं म्हणजे ३६ × ४८ सेंमी छापून भोवती पांढरं मार्जिन ठेवा, फ्रेमच्या काचेला चित्र चिकटणार नाही.

छपाई पिवळट आली तर दोष प्रेसचाच असेल असं नाही. जुन्या तैलचित्रांवरचं व्हार्निश काळाने पिवळं पडतं आणि फोटोत तेच उतरतं. देलाक्रुआचं 'लोकांचं नेतृत्व करणारी स्वातंत्र्यदेवता' साफ करून २०२४च्या मे महिन्यात पुन्हा लावलं, तेव्हा आधीच्या सगळ्या छापील प्रती किती मळकट होत्या हे उघड झालं.

प्रत्यक्ष विधी दाखवणारं, म्हणजे अंगठी घालतानाचं ज्यू लग्नाचं चित्र आहे का? (नागपूर)

आहे, आणि ते काढणारा स्वतः ज्यू होता. योझेफ इस्राएल्स, जन्म १८२४, नेदरलँड्समधलं ख्रोनिंगेन. आयुष्यभर त्याने मुख्यतः कोळ्यांची आणि गरीब घरांची चित्रं काढली. तरुण व्हॅन गॉग त्याला फार मानायचा. १९०३मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, त्याने 'ज्यू लग्न' रंगवलं. आता ते ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, १३७ × १४८ सेंमी. नवरा नवरीच्या बोटात अंगठी घालतोय आणि दोघांवर प्रार्थनेची शाल, तल्लीत, पांघरलेली आहे. रंग करडे-तपकिरी, ब्रशचे हात ढगळ. देलाक्रुआचा उजेड शोधायला गेलात तर निराश व्हाल, पण विधीच्या मधोमध उभं राहून पाहायचं असेल तर हेच चित्र. जर्मनीतल्या मोरिट्झ ओपेनहाइमनेही ज्यू लग्न चितारलं आहे. कौटुंबिक सण-विधींच्या त्याच्या चित्रमालिकेच्या छापील प्रती घरोघर पोचल्या.

आमच्या अलिबागकडे बेने इस्रायलींच्या लग्नात मेंदी असते. मोरोक्कोच्या ज्यूंतही मेंदी असते असं ऐकलं. दोघांचं मूळ एक का? (अलिबाग)

धर्म एक, मेंदी मात्र ज्याच्या त्याच्या गावची. टँजियरच्या ज्यूंतली बरीच घराणी १४९२मध्ये स्पेनमधून हाकललेल्यांची. बेने इस्रायली कोकणच्या किनाऱ्यावरचे ज्यू, बोली मराठी, पूर्वीचा व्यवसाय तेल गाळण्याचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनवार तेली'. लग्नाआधी मेंदी लावायला ज्यू धर्मशास्त्र सांगत नाही. मोरोक्कोत ती तिथल्या चालीतून आली, कोकणात इथल्या. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने होणारी मलिदा, पोहे-खोबऱ्याची, हीसुद्धा कोकणच्या घरांची ओळख आहे.

एकसारखं काय ते विधीत बघा : अंगठी, केतुबा म्हणजे लग्नाचा करार आणि तो वाचून दाखवणं, द्राक्षरसावरचे आशीर्वाद, पेला फोडणं. यातलं काहीच देलाक्रुआच्या अंगणात दिसत नाही, त्यामुळे तुलनेसाठी हे चित्र घेऊ नका. कपडे, वादक आणि पाहुण्यांची गर्दी यांच्यासाठी घ्या.

पॅरिसला जातोय. चित्र नेमकं कुठल्या दालनात आहे? (मुंबई)

निघण्याच्या आठवड्यात लूव्रच्या संकेतस्थळावरच्या संग्रहसूचीत नाव टाकून बघा. दालनाचा क्रमांक आणि चित्र सध्या भिंतीवर आहे की नाही, दोन्ही तिथे कळतं. मध्यम आकाराची चित्रं प्रदर्शनांसाठी बाहेर जातात. मूळ १८४१मध्ये हे चित्र ड्यूक ऑफ ऑर्लियाँने घेऊन लक्झेंबर्ग संग्रहालयाला दिलं होतं, त्यामुळे जुन्या पुस्तकांत तो पत्ता सापडला तर गोंधळू नका. मंगळवारी लूव्र बंद असतं.